साडेसतरा मीटरवरचे शंख

पंढरी भोईर चोर होता, असं आमच्या लाइनीत आता बिनधास्त बोललं जातं. ऐकलं की माझं डोकं फिरतं. चोर कसला? सत्तावीस वर्षं ज्याच्या हातची भरती एका इंजिनिअरला ओळखता आली नाही, तो कारागीर माणूस. आणि भरती करायला त्याला लावलं कुणी? आम्हीच. त्यात मीही आले. म्हणून हे मी सांगणार, आणि माझं होईपर्यंत मधे कुणी बोलायचं नाही.

मी सलिमा, तळोज्याची. भूशास्त्रात एमएस्सी झाले तेव्हा आमच्या मामूंनी कपाळावर हात मारला होता, "पोरीनं दगडांत डिग्री घेतली!" पण नवी मुंबईत दगडांचं काम काही कमी नाही. टॉवर उभा करायचा तर आधी बोअर मारून खाली काय आहे ते बघावं लागतं. ते बघून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी चौदा वर्षं आहे. पंढरीदादा तिथं माझ्या आधीपासून मशीनवर होते. नावड्याजवळच्या पाड्यावरचे, सातवी शिकलेले, अंगानं काटक, आणि बोलायला लागले की समोरच्याची फिरकी घेतल्याशिवाय न राहणारे. मला ते 'बाय' म्हणायचे. बाकी सगळे मॅडम म्हणतात.

काम असं. पोकळ नळीच्या तोंडाला हिऱ्याची कणी बसवलेली असते. ती दगडात फिरत फिरत उतरते आणि नळीत दगडाची गोल कांडी अडकून वर येते, मनगटाएवढी जाड. तिला आम्ही कोअर म्हणतो. एका खेपेला दीड मीटर. या कांड्या लाकडी पेटीतल्या खाचांत ओळीनं मांडायच्या, सगळ्यात वरची आधी, मग तिच्या खालची, मग तिच्याही खालची, आणि बाजूला मार्करनं मीटरचा आकडा घालायचा. भूशास्त्राचा पहिला धडा हाच की जो थर खाली तो जुना, जो वर तो नंतरचा. पेटी नीट मांडली तर जमिनीची हकीकत पहिल्यापासून वाचता येते. कांडी इकडची तिकडे झाली की वाचणाऱ्याची फसगत.

आता गोम अशी की दीड मीटर खोदलं म्हणून दीड मीटर कांडी हातात येतेच असं नाही. दगड भुसभुशीत असला की त्याचा चुरा होतो, पाण्याबरोबर वाहून जातो. पेटीत रिकामी जागा दिसली की काम देणारी पार्टी बोंब मारते, "बोअर परत मारा." म्हणून आमच्याकडे एक रीत पडून गेली होती. मशीनपाशी एक गोणी ठेवायची, जुन्या साइटवरच्या उरलेल्या तुकड्यांची. जागा मोकळी राहिली की गोणीतला जुळता तुकडा काढून बसवायचा. याला म्हणायचं भरती. कुणी कुणाला शिकवत नाही, कुणी कुणाला हटकत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका पेटीपाशी थबकले, तर मालक कुलदीपशेठ म्हणाले, "मॅडम, फक्त लांबी बघा." मी लांबी बघितली आणि सही केली. तेव्हापासून करतच आले.

पण पंढरीदादांची भरती अशी की बघत राहावं. बाकीचे काळ्यात काळं टाकून मोकळे व्हायचे. हे तुकडा उन्हात धरणार, ओला करणार, त्यातले दाणे बघणार, मगच बसवणार. खोटं नीट करायचं म्हणून या माणसाला खरं शिकावं लागलं, आणि ते त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा आणि प्रश्न सुरू. दगड आणि खनिज यात फरक काय? मी म्हटलं, दादा, दगड म्हणजे भेळ. कुरमुरे, शेव, कांदा ही झाली खनिजं. प्रत्येकाचा दाणा वेगळा, रंग वेगळा, कडकपणा वेगळा.

"मंग यो आपला काला दगर?" त्यांनी बेसाल्टचा तुकडा पुढे केला. "यान ना शेव दिसतं ना कांदा."

"लाव्हा पटकन थंड झाला. दाणे मोठे व्हायला वेळच मिळाला नाही. भिंगातून बघा, आहेत."

त्यांनी भिंग घेतलं आणि सुट्टी संपेपर्यंत डोळ्यावरून काढलं नाही. मग कळलं की लाव्हा थंड होताना त्यात हवेचे बुडबुडे अडकतात, पुढे पाणी झिरपून त्या भोकांत पांढरी, गुलाबी खनिजं जमतात. अशा दगडाला दादांनी नाव दिलं साबुदाणा. दोन लाव्हांच्या मधली भाजलेली लाल माती, तो गेरू. मी रिपोर्टात लांबलचक इंग्रजी नावं लिहायचे आणि आपसात आम्ही साबुदाणा, गेरू म्हणायचो. एकदा मी सांगितलं की आपला सगळा मुलूख असा लाव्हाच्या थरांवर थर चढून झालेला आहे, एक थर आला की मधे हजारो वर्षं शांत, मग दुसरा. त्यांनी विचारलं, "मधल्या टायमान मानसा व्हती?" मी म्हटलं नाही. "मंग सुखाचा टाइम व्हता," म्हणाले आणि डबा धुवायला गेले.

पाड्याच्या मागे धाकटी टेकडी. फार उंच नाही, पण तिच्या पायथ्याशी झरा होता, मे महिन्यातही न आटणारा. नळाला पाणी येतं दिवसाआड, तेही करंगळीएवढं. पाडा जगत होता तो झऱ्यावर. दादांच्या बायकोची, सखूवहिनींची, तिथंच भाजीची वाडी, माठ, मुळा, अळू. सकाळी पाटी घेऊन खारघरच्या सेक्टरमध्ये बसायच्या. मुलगा नाही, मुलगी नाही, ही वाडीच काय ती. आणि तीन वर्षांपूर्वी टेकडी एका गोदामवाल्या कंपनीनं घेतली. सपाट करणार, वर शेड टाकणार. पाड्यानं हरकत घेतली, झरा जाईल म्हणून. उत्तर आलं, पाइपलाइन देऊ. झऱ्याची किंमत कागदावर शून्य निघाली.

त्या टेकडीवर बोअर मारायचं काम आलं आमच्याच कंपनीला. मला वाटलं दादा रजा टाकतील. ते मशीन घेऊन सगळ्यात आधी हजर. म्हणाले, "दुसऱ्या कोनी मारला त काय टेकरी वाचनार हाय? आपल्या हातानं बघू तरी तिच्या पोटान काय हाय."

चार नंबरचा बोअर माथ्यावरचा. त्या दिवशी मी ऐरोलीला, खाडीकाठच्या साइटवर होते. चार वाजता दादांचा फोन, "बाय, हातानला काम सोर नि ये." असं ते कधी बोलत नाहीत. मी रिक्षा केली. ते टॉवेलात काहीतरी गुंडाळून बसले होते, बाळंतिणीचं पोर धरावं तसं मांडीवर. उघडलं तर राखाडी दगडाची हातभर कांडी आणि तिच्यात हरभऱ्याएवढे पिळाचे शंख. एक नाही, दोन नाही, पंचवीस-तीस. 

"ह्या त आमच्या शेतानच्या गोगलगाई," दादा म्हणाले. "लानपनी भाताच्या बांधावर येचायचू. दगरान कशा गेल्या?"

मी सांगायला लागले. शंख चिखलात गाडला जातो, आतलं मऊ कुजून जातं, कवचाच्या जागी पाण्यातलं खनिज कणाकणानं येऊन बसतं, आकार तोच राहतो आणि दगड होतो. याला जीवाश्म म्हणतात. वर बेसाल्ट, खाली बेसाल्ट, मधे हा अर्ध्या मीटरचा थर. साडेसहा कोटी वर्षं, दादा.

त्यांनी कांडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हंजे हितं तलाव व्हता. दोन लाव्हांच्या मधी. गोऱ्या पान्याचा." गोडं पाणी, ते त्यांना गोगलगाईवरून समजलं. मग पुढचंही त्यांनीच जोडलं: हा थर चिकण, पाणी खाली सोडत नाही, म्हणून वरून मुरलेलं पाणी याच्यावर अडतं आणि पायथ्याशी बाहेर पडतं. "झरा याचाच, बाय!" एमएस्सी मी होते, पण हे माझ्या आधी त्यांच्या डोक्यात आलं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो.

मी फोटो पाठवले नंदकिशोर सरांना. कॉलेजात त्यांनी मला शिकवलं, आता निवृत्त, पण जीवाश्मांत त्यांचा शब्द चालतो. सर दुसऱ्या दिवशी पाड्यावर. कांडी हातात घेतली आणि म्हणाले, "सलिमा, हे सिद्ध झालं तर टेकडीला कुणी हात लावू शकणार नाही. निदान अभ्यास होईपर्यंत तरी नाहीच." त्यांनी पत्र लिहिलं, पाड्याच्या हरकतीला जोडलं, कचेरीत सुनावणीची तारीख लागली. पाड्यावर पेढे वाटले. सखूवहिनींनी मला माठाच्या चार जुड्या दिल्या, नको म्हणेपर्यंत पिशवीत कोंबल्या.

थर टेकडीच्या अंगावर कुठं दिसला असता तर प्रश्नच नव्हता. पण उतारावर बिल्डरांनी वर्षानुवर्षं डेब्रिज ओतलेलं, झऱ्याच्या तोंडाशी काँक्रीटची टाकी. दादा पहार घेऊन आठ दिवस खणत होते. फुटक्या टाइल्स आणि मुरूम, दुसरं काही लागलं नाही. गोदामवाल्यांनी दुसरा बोअर मारायला साफ नकार दिला. आधीचे तीन बोअर पायथ्याचे, थराच्याही खालून सुरू झालेले. म्हणजे पुरावा एकच, ती पेटी.

आणि मी दादांना विचारलं नाही की पेटीत भरती आहे का. चौदा वर्षं ज्या माणसाच्या पेट्यांवर सही केली, त्याला हा एक प्रश्न विचारला नाही. टेन्शन नको म्हणून, खुशीत विरजण नको म्हणून, काय वाटेल ते म्हणा. विचारायला भ्याले, हे खरं.

भरती होती. एकवीस मीटरच्या पुढची खेप अर्धीच वर आली होती. हाताला सवय. दादांनी गोणीतले तीन तुकडे काढून बसवले, लांबी पुरी केली, पेटीचा फोटो कंपनीला गेला. चिखलानं माखलेली कांडी धुतली ती त्यानंतर, आणि तेव्हा वरच्या खाचेत शंख दिसले. मग ते तीन तुकडे काढायचे तर फोटोत वेगळं, पेटीत वेगळं. आणि त्यांचा हिशोबही साधा होता: शंख साडेसतरावर, भरती एकवीसवर, एकाचा दुसऱ्याशी संबंध काय?

सुनावणीला दालन छोटं. हरकतदारांपैकी एकालाच आत सोडलं, पंढरीदादांना. बाकी पाडा बाहेर झाडाखाली, सखूवहिनी तर भाजीच्या पाटीवर, खारघरला. आत साहेब, त्यांचा कारकून, गोदामवाल्यांचा वकील, नंदकिशोर सर, कुलदीपशेठ आणि मी. शेठनी जिन्यातच मला गाठलं होतं. "मॅडम, एका पेटीत भरती निघाली तर आपले सगळे जुने रिपोर्ट उघडतील. सह्या तुमच्या आहेत." बस, एवढंच बोलले.

सरांनी पेटी पहिल्यापासून वाचायला घेतली. साडेसतराला थांबले, भिंग लावलं, खुशीत मान हलवली. तेवढ्यावर थांबले असते तर! पण चांगला माणूस, काम अर्धं सोडणार नाही. एकवीसच्या पुढे गेले. एक तुकडा उचलला, उजेडात फिरवला, आणि जिभेला लावला. कारकून फिसकन हसला. दगड चाटून बघणं आमच्यात चालतं, पण बघणाऱ्याला गंमत वाटते. सरांचा चेहरा उतरला.

"खारट आहे," ते म्हणाले.

मला लगेच कळलं. खाडीकाठी बोअर मारताना पाणी खाडीचंच वापरतात. ते दगडाच्या बारीक भोकांत शिरतं, वाळलं की मीठ मागे राहतं. धुतल्यानं जात नाही. टेकडीच्या पोटातल्या दगडाला मीठ कुठून येणार?

"भोईर, हा तुकडा कुठला?" सरांनी अगदी हळू विचारलं.

दादांनी एकदा पेटीकडे बघितलं. "ऐरोलीचा."

"आणि शंख?"

"टेकरीचा. साडेसतराचा. तो आमचाच हाय, सर."

वकिलाला तेवढंच हवं होतं. मुंबईत असे शंखांचे थर आधी सापडलेत, मग हाही तुकडा तिकडच्या कुठल्या साइटवरून गोणीत आला नसेल कशावरून? साहेबांनी पेन खाली ठेवलं. दादा म्हणाले, "भरती निस्ती तुटलेल्या जागी करतात, साहेब. सगल्यांची रीत हाय. बायला इचारा. बायला म्हाईत हाय."

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, बोअरच्या नोंदीवर, लॉगवर, सही तुमची आहे. अशी काही पद्धत आहे? तुम्हाला माहीत होतं?"

शेठ माझ्याकडे बघत होते. सर बघत होते. दादा तर बघतही नव्हते, इतके निर्धास्त होते.

मी म्हटलं, "नाही. मला कल्पना नव्हती."

तोंडातून गेलं ते गेलं. पुढे काय लिहून घेतलं ते मला धड ऐकू आलं नाही. हरकत फेटाळली. बाहेर पडताना सर जिन्यात थांबले. म्हणाले, "भोईर सोडून तुमच्या कंपनीतला एक जण जरी म्हणाला असता ना, की भरती फक्त तुटीत होते, तर त्या आधारावर मी दुसरा बोअर मागितला असता. माझ्या हातात काहीच उरलं नाही गं." 

झाडाखाली पाड्यानं दादांना घेरलं. काय झालं? दादा म्हणाले, "माजी चूक झाली. मी बाहेरचा तुकरा टाकला." माझं नाव नाही, रीतीचं नाव नाही. त्याच दिवशी पाड्यात म्हणायला लागले, पंढऱ्यानं वाट लावली. कुलदीपशेठनी त्यांना काढून टाकलं आणि सगळ्या साइटवर सांगितलं, चोर होता. माझी नोकरी आहे तिथंच आहे. गोण्याही आहेत.

दिवाळी संपली आणि दगड फोडायचे ब्रेकर लागले. टेकडी माथ्यापासून एका बाजूनं कापत आणली. जानेवारीत झरा बारीक झाला, फेब्रुवारीत टाकीत शेवाळ तेवढं राहिलं. सखूवहिनींचा माठ जागेवर वाळला. पाइपलाइनचं विचारायला गेलं की पुढच्या महिन्यात म्हणतात. टँकर येतो, कधी येतो, कधी नाही.

मार्चात दादांचा फोन आला. सुनावणीनंतरचा पहिला. "बाय, बघाया ये." मला वाटलं आता शिव्या देतील. बरं वाटलं असतं. गेले. जेवणाची सुट्टी होती, मशीन बंद होती. अर्धी टेकडी गायब आणि उरलेलीचा उभा काप समोर, भिंतीसारखा सरळ. वर साबुदाणा, मग काळा कडक दगड, आणि त्याखाली राखाडी पट्टा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधे कुठं तुटलेला नाही. जवळ गेले. शंखच शंख. बोट ठेवायला जागा नाही. दादांनी गोदामवाल्यांच्या सर्व्हेवाल्याकडून माथ्याची जुनी उंची मिळवली होती, टेपनं उतरत मोजलं होतं. सतरा मीटर साठ.

"मी साडेसतरा लिवलेला," ते म्हणाले. "धा सेंटीमीटर चुकला."

मी तिथूनच सरांना फोन लावला. सर हळहळले. म्हणाले, निकाल तर आता फिरत नाही, फिरवून वाचवायचं तरी काय? फोटो काढ, पेपर होईल. मला फोन फेकून द्यावासा वाटला, पण फोटो काढले. अकरा काढले. तेवढ्यात मशीनवाले परत आले, आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं, आणि ब्रेकरची चोच त्या पट्ट्यात घुसली. राखाडी ढिगारा खाली आला, डंपरात भरला, भराव टाकायला कुठंतरी गेला. दादा बघत उभे.

मला राहवलं नाही. म्हटलं, "दादा, त्या दिवशी मी खोटं बोलले."

"हाव," ते म्हणाले.

"मी खरं बोलले असते तर..."

"हाव." त्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकला. चिडले नाहीत, मान फिरवली नाही, मला तोडून टाकता आलं असतं तरी टाकलं नाही. एवढंच म्हणाले, "सखूला सांगू नको. ती रोज तुजी आठवन कारते. तिला येवरा तरी र्‍हाऊ दे."

मी पाड्यावरून घरी जायला निघाले होते, पण सखूवहिनी दारात उभ्या होत्या, हात धरून आत नेलं. टँकरच्या पाण्याचा हंडा कोपऱ्यात, फडकं बांधून झाकलेला. त्यातलं तांब्याभर माझ्या हातावर घातलं, मी नको नको म्हणत असताना. ताट मांडलं, भात, सुकटीचं कालवण. "अख्ख्या पाऱ्यान कोनी आमच्याशी बोलत नाय, बाय," त्या म्हणाल्या. "यांनी सांगला मना, त्या दिशी कचेरीन तू येकलीच आमच्या बाजूनं उबी र्‍हायली. मी इसरनार नाय."

दादा समोर बसून भात कालवत होते, त्यांनी वर बघितलं नाही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. वहिनींनी अजून एक मूठ भात वाढला, आणि मी जेवले.